बालाघाटाचा डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या चार जिल्ह्यांतून बालाघाटाबद्दल सतत विचारणा होते. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत, विहीर खणायला निघालेले शेतकरी आहेत, श्रावणात धबधब्याला जाणारी मंडळी आहेत आणि शाळेत भूगोल शिकवणारे गुरुजीही आहेत. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बालाघाट कुठून निघतो आणि कुठपर्यंत जातो?

सह्याद्रीला हरिश्चंद्रगडापाशी पूर्वेकडे एक फाटा फुटतो. ती हरिश्चंद्र रांग. अहिल्यानगर जिल्ह्यातून येता येता ती आग्नेयेला वळते आणि मराठवाड्यात बालाघाट या नावाने शिरते. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, अंबाजोगाई, परळी हे तालुके तिच्या अंगाखांद्यावर आहेत. धाराशिवमध्ये भूम, वाशी, कळंब, तुळजापूर. लातूरमध्ये रेणापूर, अहमदपूर, जळकोट, उदगीर. नांदेडमध्ये कंधार आणि मुखेड. लांबी साधारण ३२० किलोमीटर धरतात. रुंदी ५ ते ९ किलोमीटर सांगितली जाते, पण ती फक्त चढउताराच्या पट्ट्याची आहे. त्यामागचं पठार त्यात मोजलेलं नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो (प्रश्न २).

२. बीडहून बघितलं की समोर डोंगर दिसतो. घाट चढून वर गेलं की सपाट रान लागतं, ज्वारी उभी असते. मग डोंगर गेला कुठे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. माझ्या मते सगळ्यांत चांगलाही हाच आहे.

डोंगर म्हटलं की एका बाजूने चढायचं, शेंड्यावर पोहोचायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, असं चित्र मनात असतं. बालाघाट तसा नाही. तो एका उंच पठाराचा काठ आहे. घराच्या ओट्यासारखा समजा. अंगणातून ओट्याची भिंत दिसते, ओट्यावर उभं राहिलं की नुसती जमीन दिसते. बीड, माजलगाव, गेवराई ही अंगणातली, म्हणजे गंगथडीची गावं. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून तिच्या काठचा तो सगळा सखल काळ्या मातीचा पट्टा गंगथडी. केज, अंबाजोगाई, पाटोदा ही ओट्यावरची. जुनी माणसं 'घाटावर सोयरीक केली' किंवा 'लेक घाटाखाली दिली' असं म्हणतात, तेव्हा ती हाच फरक सांगत असतात.

या ओट्याला दोन भिंती आहेत. एक उत्तरेला, गंगथडीकडे बघणारी. मांजरसुंबा आणि धारूर या भिंतीच्या माथ्यावर आहेत. दुसरी नैर्ऋत्येला सीना नदीच्या खोऱ्याकडे बघते. येडशीचा रामलिंग घाट आणि तुळजापूरचा घाट त्या बाजूला. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग तुळजापूरला वर चढतो, धाराशिव, येडशी, चौसाळा असा वरच्या वर येतो आणि मांजरसुंब्यानंतर बीडकडे उतरतो. मधे बारीकसारीक चढउतार आहेत. पण खरा चढ एक आणि खरा उतार एक, आणि त्या दोन्हींत शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. म्हणून प्रवाशाला आपण एकच डोंगर ओलांडला हे कळतच नाही.

३. उंची किती? सर्वांत उंच शिखर कोणतं?

पश्चिमेकडच्या भागात साधारण ५५० ते ८२५ मीटर. पूर्वेला जावं तशी उंची कमी होत जाते. मराठवाड्यातल्या भागात नाव घ्यावं असं सुळक्याचं शिखर नाही. उंच जमीन पाटोदा-आष्टीच्या बाजूला आहे. मांजरा नदीचा उगमच तिथे सुमारे ८२३ मीटरवर होतो. बीड शहर पाचशे मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे खालून बघणाऱ्याला या डोंगराची भिंत दोन-तीनशे मीटरचीच दिसते. ही रांग जिथून निघते तो हरिश्चंद्रगड १४२४ मीटरचा आहे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत काही मुलं कळसूबाई (१६४६ मीटर) हे बालाघाटाचं शिखर म्हणून लिहून येतात. तसं लिहू नका. कळसूबाईची रांग वेगळी आहे, ती सह्याद्रीतली.

४. हा डोंगर तयार कसा झाला? हिमालयासारखा वर उचलला गेला का?

नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि एकावर एक थर पसरत गेले. सगळा मराठवाडा या काळ्या दगडाच्या थरांवर उभा आहे. हे थर भाकरीच्या चवडीसारखे जवळजवळ आडवे आहेत. त्यांना हिमालयासारख्या घड्या पडलेल्या नाहीत.

मग एका बाजूने गोदावरीने आणि दुसऱ्या बाजूने भीमेच्या उपनद्यांनी लाखो वर्षं जमीन खरवडली. दोघींच्या मधे जे झिजायचं राहिलं तो बालाघाट. म्हणून माथे सपाट आहेत, आणि म्हणूनच उतारावर पायऱ्या दिसतात. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून आत जातो. धारूरच्या घाटात उन्हं कलल्यावर बघा, एकाखाली एक अशा पायऱ्या मोजता येतात. हा डोंगर कोणी रचलेला नाही, भोवतालचं वाहून गेल्यावर शिल्लक उरलेला आहे.

५. मध्य प्रदेशातलं बालाघाट आणि हे एकच का? नावाचा अर्थ काय?

दोन्ही वेगळे. मध्य प्रदेशात बालाघाट नावाचा जिल्हा आणि शहर आहे, त्याचा आपल्या रांगेशी संबंध नाही. मोबाइलवर 'बालाघाटचं हवामान' शोधलं की तिकडचं हवामान दिसतं, त्यामुळे तालुक्याचं नाव टाकूनच शोधा.

फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, आणि खालचा तो पायनघाट. वऱ्हाडातही मोगलांच्या काळात अशी बालाघाट-पायनघाट विभागणी होती, म्हणून जुन्या कागदांत बालाघाट दिसला की तो वऱ्हाडातला की आपला हे आधी तपासायचं. बीडकडच्या बोलीत 'बालेघाट' असंही म्हणतात.

६. पुस्तकात लिहिलंय, बालाघाट गोदावरी आणि भीमेची खोरी वेगळी करतो. पण मांजरा याच डोंगरावर उगवते आणि गोदावरीला मिळते. मग पुस्तक चुकलं का?

पुस्तक चुकलेलं नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट आली आहे.

नकाशा समोर घ्या आणि पाटोदा तालुक्यावर बोट ठेवा. या एका तालुक्याचं पाणी तीन दिशांना जातं. सिंदफणा चिंचोलीच्या डोंगरात उगवते, उत्तर-पूर्वेला वाहत मंजरथजवळ गोदावरीला मिळते. मांजरा गवळवाडीजवळ उगवते आणि पठारावरूनच पूर्वेला निघते. विंचरणा सौताड्याला कड्यावरून खाली उडी घेते, जामखेडकडून सीनेला मिळते आणि सीनेबरोबर भीमेत जाते. बिंदुसरेचा उगमही इथलाच. ती बीड शहरातून जाऊन पुढे सिंदफणेला मिळते. महाराष्ट्रात पाणलोट म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. शाळेच्या सहली इथे का येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता रांगेचा आकार बघा. पाटोद्याच्या पुढे बालाघाटाला दोन फांद्या फुटतात. उत्तरेची फांदी धारूर, अंबाजोगाई, अहमदपूर, कंधार अशी जाते. ती गोदावरीचं पाणी मांजरेपासून वेगळं करते. दक्षिणेची फांदी भूम, धाराशिव, तुळजापूरकडे जाते. ती मांजरा-तेरणेचं पाणी सीना-भीमेपासून वेगळं करते. दोन फांद्यांच्या बेचक्यात मांजरेचं खोरं आहे.

मांजरा बेचक्यातून पूर्वेला लातूर जिल्हा ओलांडते, बीदरकडून तेलंगणात उतरते, मग उत्तरेला वळून निजामसागर धरणातून पुढे कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. एकूण वाट सुमारे ७२४ किलोमीटरची. सिंदफणा आपल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच गंगेला मिळते, मांजरा तीन राज्यं फिरून मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या सरीचे दोन थेंब कंदकुर्तीला पुन्हा भेटतात. तिसरा, विंचरणेत पडलेला, कृष्णेतून समुद्राला जातो.

परीक्षेत 'गोदावरी व भीमा' हेच उत्तर लिहा, गुण त्यालाच आहेत. पूर्व भागाबद्दल विचारलं असेल तर 'गोदावरी व मांजरा' लिहा.

७. आम्ही मराठवाड्यातले, मग आमचा तालुका कृष्णा खोऱ्यात कसा?

हा प्रश्न आष्टी, भूम, परंडा, तुळजापूर, लोहारा, उमरग्याहून येतो. मराठवाडा ही राजकीय हद्द आहे, पाण्याला ती ठाऊक नाही. आष्टीची मेहेकरी सीनेला मिळते. नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी भीमेला मिळते. भीमा कृष्णेची उपनदी. म्हणून घाटाच्या नैर्ऋत्येकडचा उतार कृष्णा खोऱ्यात येतो.

कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना धाराशिव जिल्हा आणि आष्टी तालुक्यासाठी आखली, ती याच हिशोबाने. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्यात न्यायचं तर लवाद, वाटप, परवानग्या असं सगळं मधे येतं. स्वतःच्याच खोऱ्यातलं पाणी मागताना बाजू बळकट असते. आपलं गाव कुठल्या खोऱ्यात आहे हे ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, कारण योजनांच्या याद्या खोऱ्याप्रमाणे होतात.

८. एवढा मोठा डोंगर आहे, मग पाऊस अडत का नाही?

दोन कारणं. पहिलं, मोसमी वारं इथवर येईपर्यंत सह्याद्रीने त्यातलं बहुतेक पाणी काढून घेतलेलं असतं. आष्टी-पाटोदा पर्जन्यछायेत येतात. दुसरं, बालाघाट बुटका आहे. ढग थंड होऊन पाऊस पडायला वाऱ्याला बरंच वर चढावं लागतं, आणि दोन-तीनशे मीटरच्या चढाने ते होत नाही.

उलट पूर्वेला, जिथे डोंगर आणखी उतरलेला आहे, तिथे पाऊस वाढतो. आष्टी-पाटोद्याकडे वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, नांदेडच्या पूर्व भागात नऊशेच्या पुढे. तिकडे बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा हात लागतो. आपल्याकडे परतीच्या पावसावर सगळी मदार. सप्टेंबर कोरडा गेला की शाळू कसा येणार ही चिंता सुरू होते.

पण पडतो तेव्हा एकदम पडतो, हेही विसरू नका. माथ्यावर माती पातळ, उतार तीव्र, त्यामुळे पाणी ओढ्यांतून झरझर उतरतं. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला आलेला पूर बीडमधली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. दुष्काळी जिल्ह्यातल्या नदीच्या पात्रात घर बांधू नये, ते याच कारणासाठी.

९. शेजाऱ्याच्या विहिरीला पन्नास फुटांवर पाणी लागलं, आम्ही तितकंच खणलं तर कोरडा पाषाण. असं का?

प्रश्न ४ मधली भाकरीची चवड आठवा. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो, त्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट काळा पाषाण. मांजऱ्यात आणि मुरमात पाणी साठतं. पाषाणात फक्त भेगा असतील तिथेच पाणी, भेग नसेल तर थेंब नाही. दोन थरांच्या मधे कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून डोंगराच्या कुशीत एकाच उंचीवर ओळीने झरे फुटलेले दिसतात.

शेजाऱ्याला मांजऱ्या लागला किंवा भेग लागली, तुम्हाला लागली नाही. इतकंच. बांध एक असला तरी तुमचं रान दहा-पंधरा फूट वर असेल तर थराचं गणित बदलतं. खणण्याआधी आजूबाजूच्या पाच-सहा विहिरींत उतरून कोणत्या खोलीवर कोणता थर आहे ते पाहून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत. बोअरवर बोअर मारून कर्जात गेलेली घरं मी या डोंगरावर फार पाहिली आहेत. सहाशे फुटांपर्यंत जायचं आणि धूळ उडवायची, यापेक्षा उतारावर सलग समपातळी चर, नाल्यावर बांध आणि खाली पाझर तलाव, ही १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या आईवडिलांनी रोजगार हमीवर केलेली कामं अजूनही खरी आहेत. ती गाळाने भरली आहेत, गाळ काढायचा आहे.

बीडची खजाना विहीर याच समजुतीतून झालेली आहे. निजामशाहीच्या काळात, डोंगराच्या पायथ्याशी पाणी कुठून झिरपतं हे ओळखून ती बांधली आणि भुयारी नहरांनी पाणी शेतांना पोहोचवलं.

१०. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याचा बालाघाटाशी संबंध आहे का?

आहे. लातूर मांजरेच्या पाण्यावर जगतं. मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. धरणाच्या वरचा सगळा पाणलोट म्हणजे प्रश्न ६ मधल्या बेचक्याचं टोक, कमी पावसाचा भाग. तिथे सलग काही वर्षं पाऊस हुकला की धरण तळाला जातं. एप्रिल २०१६ मध्ये तसं झालं आणि मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आणावी लागली. कृष्णेकाठचं पाणी रुळांवरून डोंगर चढून गोदावरीच्या खोऱ्यात आलं.

११. किल्लारीचा भूकंप बालाघाटामुळे झाला का? परत होईल का?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली होती. नऊ हजारांहून जास्त माणसं गेली. त्या भागातून हा प्रश्न आजही दबक्या आवाजात येतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

डोंगरामुळे भूकंप झाला नाही. बालाघाट हे झिजून उरलेलं पठार आहे, त्याच्या आत काही हलत नाही. भूकंपाचं कारण काळ्या दगडाच्याही खाली, फार जुन्या खडकातल्या कमकुवत रेषेत होतं. नंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा काळ्या दगडाचे थर सुमारे ३३८ मीटरनंतर संपले आणि खाली जुना खडक लागला. भारतीय भूमी उत्तरेकडे सरकताना जो ताण साठतो तो अशा जुन्या रेषेवर मोकळा होतो. तोवर हा भाग अगदी स्थिर मानला जात होता.

तारीख सांगून भूकंप कोणालाच वर्तवता येत नाही. गावात कोणी असं सांगत फिरत असेल तर विश्वास ठेवू नका. ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने इतकी माणसं गेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. जुन्या वाड्यात राहत असाल तर दर काही फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड आहे का आणि कोपरे सांधलेले आहेत का, हे गवंड्याकडून बघून घ्या.

१२. ऊसतोडीला जाणारे बहुतेक लोक याच डोंगरातले का?

कारण माथ्यावरची जमीन बरड आहे. वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस प्रश्न ८ मध्ये सांगितला तसा. खरिपाचं एक पीक काढलं की दसऱ्या-दिवाळीनंतर रानात काम उरत नाही. त्याच वेळी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांची धुराडी पेटतात. मुकादम उचल देतो, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि गाडी निघते. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज इथल्या वाड्या-तांड्यांवर हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात.

भूगोल इथवर सांगतो. पण तेवढी पातळ माती आणि तेवढाच पाऊस असूनही काही गावांनी पाणी अडवून रब्बी उभी केली आणि त्यांची स्थलांतरं कमी झाली, हेही डोळ्यांसमोर आहे. म्हणून 'डोंगराचं नशीब' हे उत्तर मला मान्य नाही. मुलांची शाळा सहा महिने तुटते, बाया पहाटेपासून फडात वाकतात. याला माती जबाबदार नाही.

१३. डोंगरावर इतक्या पवनचक्क्या का?

पठाराच्या काठाशी वारं वर चढताना दाटतं आणि वेग घेतं. वर झाडी विरळ, जागा सपाट, म्हणून पाटोदा, केज, बीड, वाशी, भूम या पट्ट्यात त्या उभ्या राहिल्या. जमिनीचा करार करण्याआधी रस्त्याखाली आणि तारांखाली जाणारी जमीन करारात धरली आहे का ते वाचून घ्या. खांबाच्या जागेपुरतंच बोलणं होतं आणि भांडण नंतर बाकीच्यावर होतं.

१४. अजिंठा, वेरूळ, माहूर हेही बालाघाटातच येतात का?

नाही. अजिंठा-सातमाळा रांग गोदावरीच्या उत्तरेला आहे, ती गोदावरीला तापीपासून वेगळं करते. माहूर-किनवटचे डोंगर पैनगंगेच्या बाजूचे, तेही वेगळे. मराठवाड्याच्या उत्तरेला अजिंठा, दक्षिणेला बालाघाट, मधे गंगा.

१५. देवस्थानं सगळी डोंगरावरच का?

तुळजापूरची भवानी घाटाच्या काठावर. अंबाजोगाईला योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी. परळीचा वैद्यनाथ डोंगराच्या उतारावर. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. आष्टीकडे मच्छिंद्रनाथांचं मायंबा, पाटोद्याकडे गहिनीनाथगड. भूम तालुक्यात जैनांचं कुंथलगिरी. येडशीला रामलिंग.

बारकाईने पाहिलं तर बहुतेक ठिकाणी झरा, कुंड किंवा तीर्थ आहे. लाल मातीच्या पट्ट्यावरून पाणी बाहेर फुटतं ती जागा (प्रश्न ९), तिथे माणूस थांबला, आणि जिथे उन्हाळ्यातही पाणी आहे तिथे देव आहे असं त्याला वाटलं. मला यात श्रद्धा कमी करणारं काही दिसत नाही. दुसरं कारण वाटांचं. गंगथडी आणि सीनेचं खोरं यांना जोडणारे रस्ते याच घाटांतून जात. प्राचीन तगर, म्हणजे आजचं तेर, याच पठारावर तेरणेकाठी होतं आणि दूरदेशीच्या व्यापारात त्याचं नाव होतं. धारूरचा किल्ला घाटाच्या तोंडाशी आहे तोही वाटेवर नजर ठेवायलाच.

१६. बघायला काय आहे? कधी यावं?

ऑगस्ट ते ऑक्टोबर. सौताड्याचा धबधबा, खाली रामेश्वराचं देऊळ. कपिलधार. येडशीचं रामलिंग, तिथे देवळाभोवती ओढा फिरतो आणि माकडं हातातलं सामान पळवतात. नळदुर्गला बोरीवरचा पाणीमहाल, पाणी वाहत असेल तर नर-मादी धबधबे. अंबाजोगाईला हत्तीखाना लेणी. धाराशिव शहराजवळची लेणी. सौताड्याला दगड शेवाळलेले असतात, कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढू नका. दर पावसाळ्यात घसरण्याचे प्रसंग होतात. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर धबधबा मिळणार नाही, पण उघडा डोंगर वाचायला तोच काळ चांगला.

१७. जंगल उरलंय का? कोणती जनावरं आहेत?

घनदाट नाही. पळस, खैर, बाभूळ, धावडा, बोर, मधे कुसळी गवताची माळरानं. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं, मोरांसाठी. येडशी रामलिंग अभयारण्य १९९७ चं. माळरानावर काळवीट, खोकड, तरस, लांडगा. माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून तिथे सरसकट खड्डे खणून झाडं लावू नयेत. काळविटाला आणि लांडग्याला मोकळं गवतच लागतं.

सीताफळ मात्र या डोंगराचं खास. धारूर, अंबाजोगाई, बीडच्या उतारांवर ते आपोआप उगवतं, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पाळीव जनावरांतही डोंगराची छाप आहे: उस्मानाबादी शेळी, पूर्वेकडे देवणी आणि लाल कंधारी गाय. कमी चाऱ्यावर, कडक उन्हात टिकणाऱ्या या जाती आहेत.

१८. रेल्वे हा डोंगर कुठे ओलांडते?

पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी रामलिंगच्या घाटातून येडशीला चढून लातूरला जायची. पुढे ती वाट रुंद झाली आणि धाराशिवमार्गे वळवली. दुसरी वाट अहिल्यानगर-बीड-परळीची, एकूण २६१ किलोमीटर. आष्टी, अंमळनेर, विघनवाडी, रायमोहा अशी ती रांग ओलांडते. बीडपर्यंतची गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाली. तीन पिढ्यांनी वाट पाहिलेली गाडी आहे ही. आष्टीहून बसलात तर कृष्णेच्या खोऱ्यात बसता आणि बीडला गोदावरीच्या खोऱ्यात उतरता.

१९. पूर्वेला बालाघाट नक्की कुठे संपतो? उदगीर बालाघाटात धरायचं का?

ठरावीक जागा दाखवता येत नाही, कारण तो तुटत नाही, विरतो. कंधार-मुखेडकडे मन्याड आणि लेंडी या नद्यांनी पठार कापून काढलं आहे. दोघी मांजरेला मिळतात. पुढे देगलूरकडे जमीन उतरत जाते, कानावर तेलुगू यायला लागते.

उदगीरकडे आणखी एक बदल होतो. काळ्या दगडाच्या माथ्यावर जांभ्याची तांबडी टोपी दिसू लागते, ती बीदरपर्यंत आहे. औसा तालुक्यातली खरोसा लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत. जांभा म्हणजे कोकण, हे शाळेत शिकलेल्यांना तिथे आश्चर्य वाटतं. उदगीर बालाघाट पठारावर धरतात, ते बरोबर. तिथली कानडी मिसळलेली मराठी आणि पाटोद्याची मराठी एकाच डोंगरावरच्या आहेत.

२०. आमचं गाव घाटावर की घाटाखाली, यावर गावातच वाद आहे. कसं ठरवायचं?

उंची बघून ठरवू नका, चुकाल. लातूर शहर बीड शहरापेक्षा उंच आहे, तरी लातुरात उभं राहून आपण डोंगरावर आहोत असं कोणाला वाटत नाही.

गावच्या ओढ्याच्या काठाने खाली चालत जा. तो कोणाला मिळतो, ती पुढे कोणाला मिळते, हे विचारत जा. सिंदफणा, कुंडलिका, वाण किंवा थेट गंगा आली, तर तुमचं पाणी उत्तरेच्या भिंतीवरून उतरतं. वाटेत घाट किंवा मोठा उतार लागला तर गाव घाटावरचं, न लागता सरळ गंगा आली तर गंगथडीचं. मांजरा किंवा तेरणा आली तर तुम्ही ओट्यावर, बेचक्यात. सीना, बोरी किंवा बेनितुरा आली तर नैर्ऋत्येचा उतार तुमचा (प्रश्न ७).

काही गावांच्या शिवारात दोन ओढे दोन दिशांना जातात. अशा गावात वाद करणारे दोघेही बरोबर असतात. मधला उंचवटा कुठल्या बांधावरून जातो ते गुराख्याला विचारा, पाऊस पडताना तो तिथेच उभा असतो.